एका गीताची जन्मकथा

कृष्णवर्णी अमेरिकन गायक सॅम कुक यांचा जन्म १९३१ सालीं मिसिसिपी राज्यांत एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाच्या घरीं झाला. भक्तिगीतांवर पोसलेला त्यांचा कंठ पुढें प्रेमगीतांनीं गाजला. परंतु ऑक्टोबर १९६३ मध्यें श्रीव्हपोर्ट येथें केवळ वर्णामुळें त्यांना हॉटेलांत जागा नाकारण्यांत आली; निषेध करतांच अटकही झाली. कीर्ति होती, संपत्ति होती. रात्रीपुरता निवारा मात्र मिळेना! त्या शल्यांतून ‘अ चेंज इज गॉना कम’ हें गीत आकारास आलें व जानेवारी १९६४ मध्यें ध्वनिमुद्रित झालें. जुलैमध्यें हॉटेलांतील वर्णभेद कायद्यानें बंद झाला. ११ डिसेंबरला मात्र गोळी लागून कुक यांचा अंत झाला. गीताची स्वतंत्र तबकडी त्यानंतर निघाली आणि नागरी हक्कांच्या चळवळीनें तें आपलें मानिलें. कायदा झाला तरी मनें पालटावयाचीं राहिलीं होतीं. म्हणूनच तें गीत शिळें झालें नाहीं.