ग्रीन कार्डची रांग आणि जन्माचा दाखला

पनवेलजवळच्या खांदा कॉलनीसारख्या सिडको वसाहतींत वाढून अमेरिकेत गेलेले अभियंते तेथे बहुधा 'एच-१बी' व्हिसावर नोकरी करतात. हा व्हिसा तात्पुरता, एरवी कमाल सहा वर्षांचा. कायम वास्तव्याचे ग्रीन कार्ड ही निराळी बाब होय. नोकरीच्या आधारे ते देण्याची सध्याची पद्धत १९९० च्या अमेरिकी कायद्याने घालून दिली.

या कायद्यानुसार वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार व्हिसा उपलब्ध होतात. अर्जदाराचा जोडीदार व मुलेही याच आकड्यात मोजली जातात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पाच गटांपैकी उच्चशिक्षितांच्या उपयोगाचे पहिले तीन. 'ईबी-१' असामान्य प्रावीण्य असलेल्यांसाठी, नामवंत संशोधकांसाठी आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या व्यवस्थापकांसाठी. 'ईबी-२' पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी. 'ईबी-३' पदवीधर व कुशल कामगारांसाठी. शेवटच्या दोन गटांत कंपनीला सहसा आधी श्रम खात्याकडून, या कामासाठी पात्र स्थानिक उमेदवार मिळत नसल्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. तो अर्ज दाखल झाल्याचा दिवस म्हणजे 'प्रायॉरिटी डेट', रांगेतील आपला क्रमांक.

खरी मेख पुढेच आहे. कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारणतः सात टक्क्यांहून अधिक व्हिसा येत नाहीत, आणि देश ठरतो तो पारपत्रावरून नव्हे, जन्मस्थानावरून. पनवेलमध्ये जन्मलेल्याने पुढे कॅनडाचे नागरिकत्व घेतले तरी तो भारताच्याच रांगेत राहतो. उलट, वडील मस्कतला नोकरीस असताना तेथे जन्मलेला त्याचा धाकटा भाऊ भारतीय नागरिक असूनही ओमानच्या वाट्यात मोजला जातो. गुणवत्ता दोघांची सारखीच! जोडीदार अन्य देशात जन्मलेला असल्यास त्या देशाचा आधार घेता येतो. ऑक्टोबर २०२४ च्या 'व्हिसा बुलेटिन'मध्ये भारतीयांसाठी 'ईबी-२'ची तारीख होती १५ जुलै २०१२.

जुलै २००७ मध्ये सर्वांना अंतिम अर्जाची मुभा जाहीर करून ती ऐन वेळी मागे घेण्यात आली, तेव्हा भारतीय अर्जदारांनी 'मुन्नाभाई'च्या गांधीगिरीप्रमाणे अमेरिकी स्थलांतर विभागाच्या संचालकांना फुले पाठवली. १७ जुलैला ती मुभा पुन्हा देण्यात आली.

कंपनीची पुढची याचिका मंजूर झाली की २००० च्या कायद्यामुळे 'एच-१बी' सहा वर्षांपलीकडेही वाढवून मिळतो. नोकरी बदलली तरी मूळ तारीख सहसा टिकते. मुलांचे मात्र तसे नाही. एकविसावे वर्ष उलटले की ती आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतात. २००२ च्या कायद्याने याचिका प्रलंबित असलेला काळ वयातून वजा होतो. वर्षानुवर्षांच्या रांगेपुढे ती सवलत तुटपुंजी ठरते. लहानपणी तेथे गेलेल्या मुलाला मग स्वतःचा विद्यार्थी व्हिसा शोधावा लागतो.

इकडे घरच्यांच्या हाती असलेले काम एकच, जन्माचा दाखला. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते आणि जन्माची नोंद जन्म झाला तेथेच होते. त्यामुळे कॉलनीत वाढलेल्या मुलाची नोंद पनवेल महानगरपालिकेत नसून आजोळच्या ग्रामपंचायतीत असू शकते. जुन्या दाखल्यावर बाळाचे नावच नसते, हेही नेहमीचे. नोंद मुळीच न सापडल्यास अनुपलब्धतेचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्यांची शपथपत्रे जोडावी लागतात. ती माणसे हयात आहेत तोवरच हे उरकून घ्यावे.