अंग वाढतं, कातडी पुरत नाही

28 एप्रिल 1819. वाघूर नदीच्या दरीत ऊन रणरणतंय. शिकारीला निघालेला जॉन स्मिथ हा मद्रास फौजेतला अधिकारी झाडी तुडवत अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात शिरलाय आणि एका चित्रावरच आपलं नाव नि तारीख कोरत बसलाय. त्याला कोरू दे. तुम्ही वर बघा.

छताच्या फटीत एक कीटकभक्षी वटवाघूळ उलटं लटकतंय. वजन जेमतेम काही ग्रॅम. संध्याकाळी ते उडालं की त्याचं हृदय मिनिटाला शेकडो ठोके देईल आणि पहाटेपर्यंत त्याला एकामागून एक किडे गिळत राहावं लागेल. इतकी हाव कशासाठी? 1 सेंटीमीटर बाजूचा एक घन डोळ्यांसमोर आणा. त्याचं पृष्ठफळ 6 चौरस सेंटीमीटर, घनफळ 1. आता बाजू 10 सेंटीमीटर करा. पृष्ठफळ 600 झालं, घनफळ मात्र 1000. म्हणजे मोठ्या घनाच्या प्रत्येक घन सेंटीमीटरच्या वाट्याला 6 ऐवजी 0.6 चौरस सेंटीमीटरच पृष्ठभाग येतो. वटवाघूळ लहान घनाच्या बाजूला आहे. एवढ्याशा देहाला एवढा मोठा पृष्ठभाग, त्यात पंखांची उघडी, पातळ त्वचा. तिथून उष्णता निसटते, पाणी निसटतं, आणि काही जातींत थोडा कार्बन डायऑक्साइडही तिथूनच बाहेर पडतो. ही गळती भरून काढायला सतत खायला हवं. म्हणून अन्न नसतं त्या वेळी काही जाती शरीर थंड पडू देतात आणि खर्च वाचवतात.

अजून दोनशे वर्षं मागे चला. मलिक अंबरने 1610मध्ये वसवलेली खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, तुमच्यासमोर वाढतेय. खाम नदीकाठी चार घरं होती तोवर जो तो आपली घागर भरून आणत होता. आता घरं नदीपासून लांब सरकलीत. घागरीने भागत नाही म्हणून उत्तरेच्या डोंगरपट्ट्यातून शहरात पाणी आणणारा दगड-चुन्याचा भुयारी पाट, नहर-ए-अंबरी, बांधला जातोय. सजीवांच्या शरीरालाही वाढताना हीच अडचण आली आणि उपायही असाच निघाला.

पाण्यातून प्राणवायू आपोआप पसरतो, त्याला विसरण म्हणतात. अंतर कमी असेल तर हे काम झटपट होतं. एका पेशीएवढं, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढं अंतर डोळ्याची पापणी लवायच्या आत कापलं जातं. पण अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट लागतो. 1 मिलिमीटरला सुमारे चार मिनिटं, 1 सेंटीमीटरला सात तास आणि 1 मीटरला जवळपास आठ वर्षं!

हा हिशेब मनात ठेवून हजारो वर्षं मागे जा आणि गोदावरीच्या काठी, आजच्या पैठणजवळच्या मुंगीच्या परिसरात उभे राहा. गवताळ पूरमैदानातून पॅलिओलोक्सोडॉन नमाडिकस चालत येतोय. खांद्यापाशी चार मीटरहून उंच असलेल्या या हत्तीचे अवशेष गोदावरीच्या गाळात सापडले आहेत. नुसत्या विसरणावर विसंबला असता, तर कातडीतून शिरलेला प्राणवायू त्याच्या हृदयापर्यंत पोचायला वर्षं लागली असती. म्हणून मोठ्या प्राण्यांनी पृष्ठभाग आत दुमडून घेतला. तुमचंच बघा. त्वचा दोन चौरस मीटरच्याही आत, पण फुप्फुसांतले वायुकोश पसरले तर सुमारे 70 चौरस मीटर भरतात. तिथे घेतलेला प्राणवायू हृदय रक्तातून लांबवर ढकलतं. केशवाहिनीतून पेशीत जाण्याचा शेवटचा, अगदी छोटा टप्पा मात्र विसरणाकडेच राहतो.

हत्तीची काळजी वटवाघळाच्या उलटी असते. अंगात तयार झालेली उष्णता बाहेर काढायला कातडी अपुरी पडते. म्हणून आजचे हत्ती रक्तवाहिन्यांनी भरलेले कान हलवतात, चिखल फासतात, डुंबतात. त्यांचं हृदय मिनिटाला तीसेक ठोक्यांवर निवांत चालतं.

आता पुढे या, जून 2020मध्ये. लोणारच्या खाऱ्या सरोवराचं पाणी गुलाबी झालंय. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचं कारण शोधलं ते खारप्रेमी सूक्ष्मजीव, हॅलोआर्किया. पाण्यात उतरून त्यांच्याएवढे व्हा. इथे हृदय नाही, फुप्फुस नाही, रक्तही नाही. पेशीचा मध्य पडद्यापासून इतका जवळ आहे की प्राणवायूची देवघेव आपसूक उरकते. पण लपायला जागाही नाही. बाहेरचं मीठ वाढलं की त्याचा ताण थेट पेशीवर येतो.

शेवटचा थांबा आजचा, त्याच खडकीतल्या, आताच्या शहरातल्या घाटी रुग्णालयाचा प्रसूती विभाग, डिसेंबरची रात्र. तीन किलोच्या बाळाची त्वचा सुमारे 0.2 चौरस मीटर, सत्तर किलोच्या माणसाची 1.8. दर किलोमागे बाळाच्या वाट्याला अडीचपटीहून जास्त त्वचा येते. त्यातही डोक्याचा हिस्सा मोठा. म्हणून परिचारिका बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवते आणि आजी दुपट्याच्या आधी टोपडं शोधते. मराठवाड्याच्या मे महिन्यात हेच गणित पाण्याला लागू होतं. जुलाब किंवा ताप आला की मोठ्या माणसाच्या आधी बाळ कोरडं पडतं. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर वरचं पाणी न देता आईचं दूध वरचेवर द्यायचं, आणि बाळ मलूल दिसलं किंवा लघवी कमी झाली तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा.