गाळणे नव्हे, ओढून घेणे

* ‘पाण्यातून धातू गाळणे’ : विरघळलेल्या धातूसाठी हा शब्दप्रयोग चुकतो. उदाहरण चांदीचे घेऊ. सराफकट्ट्यावरची धूळ धुणाऱ्या झारेकऱ्याच्या घमेल्यात धातूचा कण तळाशी बसतो. तेजाबात विरघळलेली चांदी तशी बसत नाही. त्यात तांब्याचा पत्रा सोडला, की ती पत्र्यावर करड्या बुरशीसारखी धरते. अनेक धातू एकत्र विरघळले असतील, तर हवा तोच ओळखणारे रसायन लागते. तुर्भे येथे १९६४ साली सुरू झालेल्या प्लुटोनियम संयंत्रात ट्रायब्युटिल फॉस्फेट मिसळलेल्या तेलाने नायट्रिक आम्लातून युरेनियम आणि प्लुटोनियम ओढून घेतले. असेच रसायन मिसळलेले तेल सच्छिद्र पडद्याच्या भोकांत भरले, तर धातूचे आयन (विद्युतभारित कण) त्यातून पलीकडच्या द्रावणात उतरतात आणि तेल अगदी थोडे लागते. चाळणी आकार पाहते. हे रसायन धातूची जात ओळखते. — संपा.