गणित, मंद होणारे दिवे आणि ‘ययाति’

गिरीश कार्नाड यांचे नाव निघाले की ‘तुघलक’ आणि ‘हयवदन’ ही नाटके प्रथम आठवतात. त्यांचे पहिले नाटक मात्र परदेशी शिकायला निघालेल्या एका विद्यार्थ्याने, सामानाची बांधाबांध चालू असताना लिहिले होते.

माथेरानला 19 मे 1938 रोजी जन्मलेल्या कार्नाडांच्या घरची भाषा कोंकणी. आरंभीचे शिक्षण मराठीतून झाले. पुढे डॉक्टर वडिलांबरोबर कुटुंब उत्तर कानडा जिल्ह्यातील शिरसीला आले आणि भोवताली कन्नड आली. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी कुटुंबांना अशी त्रिभाषिक बालपणे नवी नाहीत. शिरसीत वडील सर्वांना फिरत्या नाटक मंडळ्यांचे खेळ दाखवायला नेत. तेथे विंगा होत्या, पडदे होते, पेट्रोमॅक्सचा झगझगाट होता. सुगी आटोपली की हाच मुलगा घरच्या गडीमाणसांबरोबर दिवट्यांच्या उजेडात रात्रभर यक्षगान पाहत बसे. या दोन रंगभूमींचा परस्परांशी काही संबंध असेल, असे त्या वयात त्याला वाटण्याचे कारण नव्हते. गावात वीज आली, सिनेमा आला आणि मंडळ्या ओसरल्या.

धारवाडच्या कर्नाटक कॉलेजातून 1958 मध्ये त्यांनी बी.ए. केले, ते गणित आणि संख्याशास्त्र घेऊन. धारवाड हे बेंद्र्यांचे गाव. घरी मराठी बोलणारा हा कवी कन्नड काव्याचा मानबिंदू ठरलेला. अशा गावात कवी होऊ पाहणाऱ्या मुलाने गणित का घ्यावे? हिशेब सरळ होता. परदेशी शिष्यवृत्तीसाठी प्रथम वर्ग हवा आणि गणितात गुण मिळतात. कविता लिहायची ती इंग्रजीत, जिंकायचे ते पश्चिमेचे जग, असा त्यांचा मनसुबा होता आणि त्याची वाच्यता त्यांनी पुढे स्वतःच, थट्टेच्या सुरात, केली आहे.

पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईस आल्यावर त्यांनी इब्राहिम अल्काझी यांनी बसविलेले स्ट्रिंडबर्गचे ‘मिस ज्यूली’ पाहिले. पात्रे एकमेकांची मने ज्या निर्दयपणे कुरतडतात, ते पाहून ते हादरले. तितकाच विलक्षण होता प्रकाश. कंदिलाच्या घरात वाढलेल्या या विद्यार्थ्याला वीज म्हणजे बटण दाबले की लागणारी आणि विझणारी वस्तू एवढेच ठाऊक होते. दिवे हळूहळू उजळत आणि मावळत नेता येतात, हे त्यांना प्रथमच दिसले.

पुढे ऑक्सफर्डसाठी रोड्स शिष्यवृत्ती मिळाली आणि घरात आनंदाबरोबर चिंता शिरली. मुलगा परत येईल का? तिकडेच संसार थाटील का? आईवडिलांच्या अपेक्षा आणि स्वतःचे भविष्य यांच्या ओढाताणीत त्यांच्या हातून काही आठवड्यांत एक नाटक उतरले. ती कविता नव्हती आणि ते इंग्रजीतही नव्हते. भाषा कन्नड होती. विषय महाभारतातला: पित्याचे वार्धक्य स्वतःवर घेणारा पुरू. घाट मात्र आनुई, सार्त्र, ओनील आणि ग्रीक नाटककार यांच्या वाचनातून आलेला. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ कादंबरी 1959 मध्येच प्रसिद्ध झाली होती. मराठी वाचकाला दोन्ही कृती शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. कार्नाडांच्या नाटकात पुरूची नववधू चित्रलेखा या त्यागाचा जाब विचारते आणि अखेर विष घेते. पुत्राच्या आज्ञाधारकपणाची किंमत दुसऱ्याच कोणाला मोजावी लागते, हे बावीस वर्षांच्या तरुणाने पाहावे, याचे नवल वाटते.

हस्तलिखित धारवाडच्या मनोहर ग्रंथमालेकडे गेले आणि 1961 मध्ये पुस्तक निघाले. लेखक तेव्हा ऑक्सफर्डला तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकत होता. तेथे ते ऑक्सफर्ड युनियनचे अध्यक्षही झाले. परंतु आपले नाटक कन्नडमध्ये स्वीकारले गेले, या वार्तेने त्यांच्या मनात बरेच काही ठरवून टाकले असावे. 1963 मध्ये ते भारतात परतले, मद्रासला ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसमध्ये नोकरीस लागले आणि पुढच्याच वर्षी ‘तुघलक’ प्रसिद्ध झाले. त्याचा मराठी अनुवाद विजय तेंडुलकरांनी केला, तर ‘हयवदन’ मराठीत आणले चिं. त्र्यं. खानोलकरांनी.