शेजाऱ्याच्या दारी सुवार्ता

रत्नागिरी शहराच्या दक्षिणेस काजळी नदी ज्या ठिकाणी सागराला मिळते, त्या खाडीच्या पलीकडच्या तीरावर भाट्ये हे गाव वसले आहे. सुरूचे बन, पांढऱ्या वाळूचा विस्तीर्ण किनारा, नारळ संशोधन केंद्राच्या बागा आणि उत्तरेस समुद्रात शिरलेला रत्नदुर्ग असे हे रमणीय स्थळ आहे. परंतु आज आम्ही वाचकांना येथे घेऊन आलो आहोत ते निसर्गशोभा दाखविण्यासाठी नव्हे. या किनाऱ्याचे ख्रिस्ती इतिहासातील स्थान काही निराळेच आहे, आणि ते ध्यानात घेतल्यास एका जुन्या प्रश्नावर नवा प्रकाश पडतो, असे आम्हांस वाटते.

येथून उत्तरेकडे गेले की वसईचा मुलूख लागतो. तेथे 1534 पासून 1739 पर्यंत पोर्तुगिजांचा अंमल होता. दक्षिणेकडे गेले की गोवा लागतो. तो 1510 साली पोर्तुगिजांच्या हाती गेला. या दोन्ही मुलखांत गावोगावी चर्च उभे राहिले, पाड्यापाड्यांवर क्रूस दिसू लागले, आणि ख्रिस्ती माणसाला ख्रिस्ती शेजार लाभला. मधल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर मात्र आदिलशाही, पुढे मराठेशाही, आणि 1818 नंतर इंग्रजी राज्य आले. येथे सलग ख्रिस्ती वस्ती कधी झालीच नाही. एका अंगाला हिंदूंची वाडी, दुसऱ्या अंगाला मुसलमानांचा मोहल्ला आणि मध्ये कोठेतरी एखादे ख्रिस्ती बिऱ्हाड, असे येथील चित्र आहे. वसईच्या कुपारीला किंवा गोव्याच्या गावकाराला जो प्रश्न सहसा पडत नाही, तो येथील कुटुंबाला रोज पडतो. ज्यांच्या विहिरीचे पाणी आपण पितो, ज्यांच्या होडीतून आपण खाडी ओलांडतो, त्यांना आपल्या श्रद्धेविषयी काही सांगावे की नाही? आणि सांगावे तर कसे?

हा प्रश्न आजचा नाही. प्रेषितांच्या काळी ख्रिस्तसभेपाशी ना विद्यालये होती ना छापखाने. संत पौल करिंथ नगरीत आला तेव्हा तो अक्विला आणि प्रिस्किल्ला या दाम्पत्याच्या घरी उतरला. कारण दोघांचा धंदा एकच, तंबू शिवण्याचा. फिलिप्पै येथे सुवार्तेला पहिले घर मिळाले ते जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणाऱ्या लुदियेचे. दुसऱ्या शतकात सेल्सस नावाच्या तत्त्ववेत्त्याने ख्रिस्ती धर्मावर जी टीका केली, तीत त्याने असा उपहास केला की, हा धर्म लोकर पिंजणारे, चांभार आणि धोबी घराघरांतून पसरवीत आहेत. ओरिजेन या धर्मपंडिताने त्याला सविस्तर उत्तर दिले आहे. आज त्या उपहासाकडे पाहताना आम्हांस त्यात नकळत दिलेले प्रशस्तिपत्रच दिसते.

आपल्या किनाऱ्यावरही श्रद्धा प्रथम आली ती व्यापाराच्या वाटेनेच. सहाव्या शतकातील कॉस्मस या ग्रीक प्रवाशाने ‘कल्लियाना’ येथील ख्रिस्ती लोकांचा आणि त्यांच्या महागुरूंचा उल्लेख केला आहे. हे स्थळ म्हणजे आपले कल्याण बंदर असे अनेक अभ्यासक मानतात. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया हेही काही काळ व्यापारीच होते. बालपणी जेजुइट धर्मगुरूंकडे शिकलेले गोन्सालो जपानात गेले, तेथील भाषा त्यांनी आत्मसात केली, धर्मशिक्षणात साहाय्य केले, व्यापारात नाव मिळविले. पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात व्रतस्थ बंधू म्हणून दाखल झाले आणि दुभाषा म्हणून पुन्हा जपानात गेले. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे त्यांना क्रुसावर मरण आले. 1862 साली त्यांना संतपद मिळाले. बाजारात, सौद्यात, मैत्रीत कानांवर पडलेली भाषा हेच त्यांचे साधन होते. ते धर्मगुरू नव्हते, ही गोष्ट आपल्या प्रापंचिक बंधुभगिनींनी विसरू नये.

गोव्यात हेच घडले एका प्रश्नातून. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेजुइट 1579 साली गोव्यास आले व साष्टी प्रांतात रमले. त्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’ची मांडणीच अशी आहे की, राशोलच्या मंदिरात मुलांना धर्मशिक्षण चालू असताना एक गृहस्थ पुढे येतो आणि विचारतो: जुनी पुराणे तर आमच्यापासून गेली, मग आम्ही वाचावे तरी काय? त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ उभा राहिला आणि 1616 साली राशोल येथे छापला गेला. फादर स्टीफन्स यांनी आपल्या श्रोत्यांना परकी भाषा शिकविली नाही, तर स्वतः त्यांची भाषा शिकून घेतली. म्हणूनच तो ग्रंथ चर्चमधून घरात गेला.

परंतु इतिहास प्रामाणिकपणे सांगावयाचा तर दुसरी बाजूही सांगावयास हवी. याच गोव्यात 1560 पासून 1812 पर्यंत, मधला अल्पकाळ सोडल्यास, धर्मन्यायालय होते. 1684 साली तेथील सत्तेने फर्मान काढले की, तीन वर्षांच्या आत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. ज्या भाषेत शेजाऱ्याशी मनातले बोलता येते तीच तोडू पाहणे, ही सुवार्तेची सेवा कशी म्हणावी? तरीही गोवा सोडून मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांनी ‘ख्रिस्तपुराणा’च्या हस्तलिखित प्रती जिवापाड जतन केल्या, आणि त्यांच्याच आधारे 1907 साली मंगळूर येथे हा ग्रंथ पुन्हा छापला गेला. सत्तेने जे तोडू पाहिले ते घरातल्या वाचनाने राखले.

आता आपण पुन्हा रत्नागिरी जिल्ह्याकडे वळू. इंग्रजी राज्य आल्यावर 1823 साली स्कॉटिश मिशनरी बाणकोट येथे आले, पुढे हर्णै येथेही त्यांनी ठाणे केले. त्यांनी मराठी शाळा काढल्या. 1829 साली मुंबईस आलेले जॉन विल्सन यांनीही मराठीचे आरंभीचे धडे याच भागात गिरविले. मग मुंबईत जाहीर वादविवादांचे पर्व सुरू झाले. 1831 साली मोरभट दांडेकर आणि विल्सन यांच्यात वाद झाला. दांडेकरांनी ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ लिहिली, विल्सन यांनी त्याचे खंडन प्रसिद्ध केले. दोन्ही पक्ष विद्वान होते. मात्र वादात जिंकलेला माणूस प्रतिपक्षाचे मन जिंकतोच असे नाही. त्या वादांनी मराठी गद्याला धार आली, शाळांनी पिढ्या घडविल्या. तथापि, एकमेकांच्या घरी जाण्याची वाट त्यामुळे सोपी झाली नाही.

ती वाट सापडली आगगाडीच्या एका डब्यात. याच जिल्ह्यातील करजगाव येथे 6 डिसेंबर 1861 रोजी जन्मलेले नारायण वामन टिळक 1893 साली नागपुराहून राजनांदगावास नोकरीच्या शोधात निघाले होते. डब्यात एक गोरा सहप्रवासी होता. त्या काळी गोऱ्या माणसाकडून एतद्देशीयास अपमानाचीच अपेक्षा असावयाची. याने मात्र जागा करून दिली, आदराने विचारपूस केली, संस्कृत काव्यावर गप्पा मारल्या. मग ख्रिस्ताविषयी बोलणे निघाले. उतरण्यापूर्वी त्याने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली, आणि आपण दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले. परंतु वचन दिल्याप्रमाणे त्यांनी पुस्तक उघडले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येताच त्यांना ते खाली ठेववेना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबई येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला.

या प्रसंगाचा क्रम वाचकांनी लक्षात घ्यावा. प्रथम जागा, मग आदर, मग काव्य, आणि सर्वांत शेवटी सुवार्ता. क्रम उलटा झाला असता तर महाराष्ट्र एका श्रेष्ठ ख्रिस्ती कवीला कदाचित मुकला असता.

तथापि आम्हांस अधिक विचार करावयास लावते ती टिळकांच्या पत्नीची, लक्ष्मीबाईंची कथा. पतीच्या धर्मांतराने त्यांच्यावर आकाश कोसळले. काही वर्षे त्या माहेरच्या माणसांच्या आश्रयाने वेगळ्या राहिल्या. पुढे मुलाला घेऊन त्या अहमदनगरकडे पतीजवळ आल्या; पण सोवळे कायम, चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळकांनी त्यांच्यावर बळजबरी केली नाही. तो संसार तसाच, दोन चुलींवर, चालू राहिला. अखेर माणसामाणसांतला उच्चनीच भेद देवाने केलेला नाही, हे लक्ष्मीबाईंना त्यांच्या स्वतःच्या विचारानेच पटले. आणि मग कोणाच्याही हातचे पाणी त्यांना चालू लागले. 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पुढे त्या घरात कितीतरी निराधार मुलांना थारा मिळाला. हे सारे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त हसतखेळत, स्वतःवर विनोद करीत सांगितले आहे, म्हणूनच ज्या घरांत ख्रिस्ती पुस्तक एरवी शिरले नसते, त्या घरांतही ते पुस्तक आवडीने वाचले गेले. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या निधनानंतर लक्ष्मीबाईंनी पुढे नेले आणि त्यांचे पुत्र देवदत्त यांनी ते पूर्ण केले.

टिळक हे प्रोटेस्टंट पंथाचे होते हे आम्ही जाणतो. पण 1964 साली व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्तैक्यावरील आदेशात विभक्त बंधूंमधील देवदत्त देणग्यांचा आदराने स्वीकार करावयास शिकविले आहे. शिवाय टिळकांचा शेवटचा ध्यास आपल्याही कामाचा आहे. तुकोबांच्या अभंगांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते म्हणत. ख्रिस्त परदेशी पोशाखात दाखविला जातो याची त्यांना खंत होती. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली व ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, असे ख्रिस्ताचे सर्वच चाहते एकत्र यावेत अशी त्यांची कल्पना होती. 9 मे 1919 रोजी त्यांचे निधन झाले आणि तो दरबार फार काळ भरला नाही. बाप्तिस्म्याच्या आवश्यकतेविषयी आपली शिकवण निराळी आहे. पण शेजाऱ्याला अंगणात बोलाविण्याची त्यांची तळमळ आपण नाकारू शकत नाही.

ज्या परिषदेने ऐक्य शिकविले तिनेच 1965 साली दोन गोष्टी स्पष्ट केल्या. एक, प्रापंचिक श्रद्धावंताचे प्रेषितकार्य ही कोणी दिलेली सवलत नसून तो त्याच्या स्नानसंस्कारातून आलेला हक्क व कर्तव्य आहे. दुसरी, श्रद्धा कोणावरही लादता येत नाही. दहा वर्षांनी, 1975 साली, सहावे पोप पॉल यांनी सांगितले की, आजचा माणूस उपदेशकापेक्षा साक्षीदाराचे अधिक ऐकतो. पण त्याच पत्रात त्यांनी हेही बजावले की, निःशब्द साक्ष कितीही उत्तम असली तरी केव्हातरी तिचा अर्थ शब्दांत सांगावाच लागतो. आपल्या राज्यघटनेच्या 25 व्या कलमानेही सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या मर्यादेत धर्म पाळण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क सर्वांना दिला आहे.

2005 साली सिंधुदुर्ग धर्मप्रांत स्थापन झाला आणि रत्नागिरी जिल्हा त्यात आला. येथील ख्रिस्ती कुटुंबे आजही विखुरलेली, अल्पसंख्यच आहेत. त्यांच्यापुढे दोन मोह असतात. पहिला भीतीचा: कोणी संशय घेऊ नये म्हणून गळ्यातला क्रूसही झाकून ठेवावा. दुसरा उतावळेपणाचा: शेजारी आजारी पडला की पाण्याच्या तांब्याआधी पत्रक पुढे करावे. पहिल्याने सुवार्ता मुकी होते. दुसऱ्याने शेजाऱ्याला वाटते की आपले दुखणे ही यांची संधी आहे. संत पेत्राने आपल्या पहिल्या पत्रात मधला मार्ग दाखविला आहे: आपल्या आशेचे कारण कोणी विचारले तर उत्तर देण्यास सदैव सिद्ध असा, मात्र ते सौम्यतेने व आदराने द्या.

विचारले तर! म्हणजे विचारावेसे वाटेल असे आपले जगणे हवे. नाताळात नेवऱ्यांचे ताट गडग्यापलीकडे जाते, गणपतीत मोदक आणि ईदेला शिरखुर्मा अलीकडे येतो, ही कोकणची रीत आहे. ती नुसत्या फराळापुरती न राहता, मयतीला खांदा देण्यापर्यंत, भांडणात खरी साक्ष देण्यापर्यंत, मापात आणि मजुरीत चोख राहण्यापर्यंत गेली पाहिजे. मग एखाद्या सायंकाळी पडवीत बसलेला शेजारी सहज विचारील, तुम्ही हे का करता? त्या वेळी आपल्यापाशी उत्तर असावे, आणि ते त्याला कळेल अशा त्याच्या व आपल्या मराठीत असावे. त्यासाठी प्रथम आपण आपले शुभवर्तमान नित्य उघडावयास हवे.