संगणकाच्या एसएमपीएसचे आउटपुट व्होल्टेज वाढवणे

संगणकाच्या पॉवर सप्लायमधील, म्हणजे बाजारात ज्याला एसएमपीएस म्हणतात त्या डब्यातील, फीडबॅकच्या मंडलात फेरफार करून १२ व्होल्टच्या वाटेवर त्याहून जास्त, बहुधा १३.८ व्होल्ट, मिळवण्याची ही क्रिया आहे. इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या एटीएक्स मानकात ३.३, ५ आणि १२ व्होल्ट या मुख्य वाटा आहेत. त्यांपैकी १२ व्होल्टच्या वाटेला पाच टक्क्यांची सूट आहे, म्हणजे ११.४ ते १२.६ व्होल्टपर्यंत सर्व काही नियमात बसते. हॅम रेडिओचे ट्रान्सीव्हर मात्र १३.८ व्होल्ट धरून बनवलेले असतात आणि १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी फ्लोटवर ठेवायलाही साधारण तेवढेच लागतात. त्यामुळे जुन्या संगणकातून निघालेला, फुकटात पडल्यासारखा डबा हौशी लोकांच्या हाती लागला की पहिला विचार व्होल्ट वाढवण्याचा येतो. एक रेझिस्टर बदलला की झाले, असे यावर सर्रास सांगितले जाते. रेझिस्टर बदलणे सोपे आहे यात वाद नाही. पण वाढीव व्होल्ट त्या रेझिस्टरमधून येत नाहीत. रचनाकाराने वेगळ्याच कारणांसाठी राखून ठेवलेली जी शिल्लक असते, तिच्यातून ते खर्ची पडतात. म्हणून किती व्होल्ट निघतील यापेक्षा कोणती शिल्लक किती संपते, हा हिशेब महत्त्वाचा.

जुन्या हाफ-ब्रिज पद्धतीच्या डब्यांत टीएल४९४ किंवा तिच्याच जोडीची केए७५०० ही चिप असते. चिपच्या १४ क्रमांकाच्या पायावर ५ व्होल्टचा स्थिर संदर्भ मिळतो. त्याचे अर्धे, म्हणजे २.५ व्होल्ट, बहुधा दुसऱ्या पायाला दिलेले असतात, आणि आउटपुटचा ठरावीक हिस्सा रेझिस्टरांतून पहिल्या पायावर येतो. दोन्ही पाय समान होईपर्यंत चिप पल्सची रुंदी कमीजास्त करते. फक्त १२ व्होल्टची वाट मोजली जात आहे असे धरू. वरचा रेझिस्टर १८ किलोओहम आणि जमिनीकडचा सुमारे ४.७४ किलोओहम असेल तर आउटपुट १२ व्होल्टवर थांबते, खालचा ३.९८ किलोओहमवर आणला तर १३.८ व्होल्टवर. यासाठी मूळ रेझिस्टर उपटण्याचीही गरज नाही, त्याला समांतर २५ किलोओहमच्या आसपासचा दुसरा लावला की पुरते. फेरफार खालच्याच बाजूला करण्यामागे ठोस कारण आहे. समांतर लावलेला रेझिस्टर सुटला, किंवा त्याच्या जागी प्रीसेट लावला असून त्याचा संपर्क गेला, तर आउटपुट खाली येते. वरच्या बाजूची वाट तुटली तर पहिल्या पायावर शून्य येते, आउटपुट पडले असे चिपला वाटते आणि ती पल्स पूर्ण रुंद करते. पुढे जोडलेल्या रेडिओचे काय होईल ते सांगायला नको. प्रत्यक्षात बहुतेक डबे ५ आणि १२ या दोन्ही वाटा एकत्र मोजतात. त्यामुळे ५ व्होल्टवर लोड नसताना १२ व्होल्टवर मोठा लोड टाकला की १२ व्होल्ट खाली बसतात. या तक्रारीचा बराचसा भाग ५ व्होल्टच्या बाजूचा मोजणारा रेझिस्टर काढून आकडे पुन्हा जुळवल्यानेच मिटतो.

पहिली शिल्लक घरातल्या विजेची. २३० व्होल्टचा पुरवठा १८० पर्यंत घसरला तरी १२ व्होल्ट टिकावेत, ही एटीएक्सच्या मार्गदर्शिकेतील अपेक्षा आहे. ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांचे गुणोत्तर त्या हिशेबाने ठरते आणि पल्सची रुंदी एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. आउटपुट १५ टक्के वाढवले म्हणजे तीच मर्यादा १८० ऐवजी २०७ व्होल्टच्या आसपास गाठली जाते. पुण्या-मुंबईत हे कधी जाणवणारही नाही. शेतीपंप सुरू झाले की फीडरचे व्होल्टेज पडते अशा गावात मात्र १३.८ व्होल्ट नेमके नको तेव्हा ढासळतील. दुसरी शिल्लक कपॅसिटरांची. १२ व्होल्टच्या वाटेवर सहसा १६ व्होल्टचे इलेक्ट्रोलिटिक असतात. १३.८ वर ते तग धरतात. बॅटरीच्या जलद चार्जिंगसाठी लागणाऱ्या १४.४ व्होल्टला अंतर फारच कमी उरते, त्यामुळे तिथे २५ व्होल्टचे लावणे बरे. एका वेटोळ्यावर ५ आणि १२ या दोन्ही वाटांची कॉइल गुंडाळलेली असते, म्हणून १२ वाढले की ५ चेही पावणेसहाच्या दिशेने जातात. त्या वाटेला काहीही जोडू नये.

तिसरी शिल्लक संरक्षणाची, आणि हौशी लोकांची परस्परविरोधी मते इथूनच निघतात. एकाचा डबा १३.८ वर निमूटपणे चालतो, दुसऱ्याचा सुरू होताक्षणी बंद पडतो. जादा व्होल्टेजच्या संरक्षणाला १२ व्होल्टच्या वाटेसाठी मार्गदर्शिकेने १३.४ ते १५.६ असा ऐसपैस पट्टा दिला आहे. दोन्ही डबे मानकाप्रमाणेच वागत असतात. बंद पडणाऱ्या डब्यात संरक्षणाची मर्यादा रेझिस्टरांनी थोडी वर सरकवणे समजण्यासारखे आहे. ती वाट कापूनच टाकणे मात्र चुकीचे, कारण फीडबॅक बिघडल्यावर पुढचे उपकरण वाचवणारे दुसरे काहीच मग उरत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की अनेक ट्रान्सीव्हरांना १३.८ व्होल्टवर अधिक-उणे १५ टक्के चालतात, म्हणजे ११.७ व्होल्टही पुरतात, मग खटाटोप कशाला? १०० वॅटचा रेडिओ प्रक्षेपणाच्या वेळी २० अँपिअरच्या घरात प्रवाह ओढतो. वायर आणि जोडांत ०.०२ ओहम जरी असले तरी ०.४ व्होल्ट तिथेच जातात आणि १२ चे ११.६ होतात. वाढ उपयोगी ठरते ती यासाठी. दुसरा आक्षेप, लोकांनी अशाच डब्यांतून २० व्होल्टहून अधिक काढले आहेत. काढले आहेत, पण डायोड, कपॅसिटर आणि कॉइल बदलून, नको त्या वाटा काढून. तो नवा सप्लाय झाला. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. एलईडी पट्ट्यांसाठी मिळणाऱ्या जाळीदार पत्र्याच्या १२ व्होल्टच्या एसएमपीएसवर कनेक्टरशेजारी प्रीसेट असतो आणि काही डबे १३.८ पर्यंत कारखान्याच्या हमीनिशी जातात. नवीन विकत घ्यायचेच असेल तर तेच घ्यावे. संगणकाच्या डब्याचा फेरफार भंगार वापरात आणण्यापुरताच पटण्यासारखा आहे, आणि तेव्हाही वॅट तेच धरून प्रवाह कमी मानावा: १२ व्होल्टला २० अँपिअर देणाऱ्याकडून १३.८ ला १७ च्या पुढे मागू नयेत. बॅटरी चार्ज करायची तर वेगळी करंट-लिमिट हवीच, कारण रिकामी बॅटरी जोडताच हा डबा संरक्षणात जातो.

फेरफाराची जागा सेकंडरीच्या बाजूला असली तरी त्याच बोर्डावर बोटाच्या अंतरावर ३२५ व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरांत चार्ज राहतो. तो उतरल्याची मल्टीमीटरने खात्री करून मगच हात घालावा आणि पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब लावावा. आउटपुटचे ऋण टोक पत्र्याला आणि अर्थिंगला जोडलेले असते, म्हणून दोन डबे थेट सिरीजमध्ये लावून २४ व्होल्ट घेता येत नाहीत. अर्थिंग तोडून ते साधणे जिवावर बेतू शकते. रेझोनन्ट पद्धतीच्या नव्या डब्यांत व्होल्टेज पल्सच्या रुंदीऐवजी फ्रिक्वेन्सीवर चालते, तिचा वाव अरुंद असतो, आणि ५ व ३.३ व्होल्ट १२ पासूनच वेगळ्या बक कन्व्हर्टरने बनतात. तिथे वाढवलेले १२ व्होल्ट त्या कन्व्हर्टरांच्याही माथी येतात. वर दिलेला रेझिस्टरांचा हिशेब तिथे लागू होत नाही.