दोन रकाने, एक चौकोन

6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत ‘दर्पण’ या वृत्तपत्राचा पहिला अंक निघाला, तेव्हा बाळशास्त्री जांभेकर जेमतेम विशीचे होते. पानावर शेजारी शेजारी दोन रकाने: एकात मराठी, दुसऱ्यात इंग्रजी. इथल्या लोकांना जगाची खबर मिळावी आणि राज्यकर्त्यांना लोकांचं म्हणणं कळावं, यासाठी ही मांडणी. पुढे ते एल्फिन्स्टन कॉलेजमध्ये गणित शिकवू लागले, तरी अंक चालूच होता. 1840 मध्ये त्यांनी ‘दिग्दर्शन’ मासिक काढलं आणि भूगोल, इतिहास, विज्ञान मराठीत आणलं. वर्गात कधीच येऊ न शकणाऱ्यांचेही ते मास्तर झाले.

वर्गाबाहेर बोलणाऱ्या मास्तरांना किंमतही मोजावी लागली. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेत शिक्षक होते आणि ‘शाळापत्रक’ हे मासिकही सांभाळत होते. त्यातली टीका सरकारला रुचली नाही. 1875 मध्ये ते बंद पडलं. तोवर त्यांचं स्वतःचं मासिक ‘निबंधमाला’ सुरू झालं होतं. त्याचे 84 अंक निघाले.

मग छापखान्याची जागा मोबाइलने घेतली. 2009 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले रुजू झाले. त्यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोडचा काळा-पांढरा चौकोन आणला. मोबाइल त्यावर धरला की कविता ऐकू येई, व्हिडिओ सुरू होई. 2017 पासून राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही हे कोड येऊ लागले. इंटरनेटवरून त्यांनी भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन अशा तणावाच्या देशांतली मुलं एकमेकांशी बोलती केली. 2020 मध्ये त्यांना 10 लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तेव्हा निम्मी रक्कम त्यांनी इतर 9 अंतिम स्पर्धकांना देऊ केली.

त्याच वर्षी करोनाने शाळांना कुलूप लागलं आणि वर्ग व्हॉट्सअ‍ॅपवर भरला. घरात एकच फोन, तोही वडिलांच्या खिशात. वडील शेतातून परतले की रात्री आठला मुलीला सकाळचा पाठ दिसायचा. अशा घरासाठी जड व्हिडिओपेक्षा दोन मिनिटांचा आवाजी निरोप बरा. ज्यांनी हे ओळखलं, त्यांचाच धडा मुलांपर्यंत पोचला.

फोटोंच्या बाबतीत मात्र बिनसलं. गृहपाठाच्या ग्रुपवरचा मुलाचा चेहरा, नाव, इयत्ता बघता बघता फेसबुकवर जातात, आणि कौतुक मुलाच्या अभ्यासाऐवजी शाळेच्या उपक्रमाचं होतं. गणवेश नसलेलं, वाचताना अडखळणारं लेकरू अशा वेळी जगासमोर उघडं पडतं. हे थांबायलाच हवं. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचा आग्रह धरला आहे, पण फोटो टाकण्याआधी आई-वडिलांना विचारायला कायद्याची वाट कशाला पाहायची?

सोलापूरच्याच नीलमनगरमध्ये करोनात शाळा बंद असताना शिक्षकांनी वेगळी वाट काढली. अनेक घरांत स्मार्टफोन नव्हते, म्हणून त्यांनी वस्तीतल्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. येता-जाता मुलं भिंतीपाशी थांबत आणि अक्षरांवरून बोट फिरवत वाचत.